जुन्या मोटारींचे दुर्मिळ शोभेचे भाग पुन्हा कसे घडवावेत

जुनी मोटार जिवापाड जपणाऱ्या वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. इंजिन सुस्थितीत आले, ब्रेक नवे बसले, रंगही मनाजोगा झाला. परंतु बॉनेटवरील मोनोग्राम, दारावरून जाणारी चकचकीत बीडिंग, ग्रिलची पट्टी, व्हीलकप किंवा डॅशबोर्डावरील एखादे बटण कोठेच मिळत नाही. हे भाग करून घेता येतात काय, कोणाकडून, आणि कायद्याने ते चालते काय, असा हा प्रश्न असतो. उत्तर होकारार्थी आहे. तथापि घाईने दिलेले काम पैसा तर घालवतेच, शिवाय पुष्कळदा हाती असलेला मूळ तुकडाही कायमचा नष्ट करते. म्हणून प्रस्तुत लेखात हा मार्ग क्रमाक्रमाने सांगितला आहे.

धाराशिव जिल्ह्यात अस्सल विलायती स्पोर्ट्स मोटार क्वचितच आढळेल. परंतु तिची सख्खी नातलग मात्र आपल्या परिचयाची आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली स्टँडर्ड हेरल्ड ही ब्रिटनच्या ट्रायम्फ हेरल्डवर आधारलेली होती, आणि त्याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार निघाली. दोहोंचे रूप इटालियन आरेखक जोव्हान्नी मिकेलोट्टी यांनीच रेखाटले होते. दुसरी परिचित मोटार म्हणजे मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, आणि तिचीच १९७४ नंतरची प्रीमियर पद्मिनी. पुढील विवेचन या दोन मोटारी डोळ्यांपुढे ठेवून केले असले, तरी आपल्याजवळ एमजी असो वा जीप, पद्धत हीच राहील.

प्रथम भागाची निश्चित ओळख पटवा

एकाच नावाच्या मोटारीत वर्षागणिक शोभेचे भाग बदलत गेले. फियाट सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या एकाच घराण्यातील असूनही त्यांची ग्रिल, मोनोग्राम आणि बीडिंग सर्वस्वी सारखी नव्हती. म्हणून काम सोपवण्यापूर्वी पुढील तपशील एका कागदावर उतरवून काढा:

- आर.सी. बुकातील निर्मितीचे वर्ष, आणि चॅसिस प्लेटवरील क्रमांक व मॉडेलची खूण;
- भाग डाव्या अंगाचा की उजव्या, पुढचा की मागचा;
- मूळ सुट्या भागांच्या कॅटलॉगमधील क्रमांक, उपलब्ध असल्यास;
- भाग कशाने बसतो: मागील खुंट्यांनी, क्लिपांनी, स्क्रूने की रबराच्या खाचेत;
- खुंट्यांमधील अंतर, व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजलेले.

शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. मोनोग्राम दिसायला हुबेहूब उतरला, परंतु त्याच्या खुंट्या बॉनेटच्या छिद्रांशी जुळल्या नाहीत, तर नवे छिद्र पाडण्याचा मोह होतो आणि नुकताच रंगवलेला पत्रा विनाकारण विद्रूप होतो.

दुरुस्ती, शोध आणि मग निर्मिती

हा क्रम उलटा करू नका. पिचलेली ॲल्युमिनियमची बीडिंग कुशल डेंटर लाकडी ठोकळ्यावर सरळ करून देतो. तुटलेली खुंटी पितळी स्क्रूने पुनश्च बसवता येते. क्रोम उडालेल्या पितळी भागावर क्रोम नव्याने चढवून घेता येतो. दुरुस्त केलेला मूळ भाग उत्तमात उत्तम नकलेपेक्षा मोलाचा असतो, कारण त्याची मापे आणि त्याची घडण ही कारखान्याची असतात.

दुरुस्ती अशक्य ठरल्यास जुना भाग शोधा. पुण्यात नाना पेठेतील मोटार-सुट्या भागांची दुकाने व जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, ऑपेरा हाउस परिसरातील दुकाने व चोर बाजार ही ठिकाणे प्रसिद्धच आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून अखेरच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यामुळे अशा टॅक्सींचे भाग ज्या भंगारवाल्यांकडे पडून आहेत, तेथे नव्याने भर पडणार नाही हे ध्यानी घेऊन हा शोध लांबणीवर टाकू नये. आपल्या जिल्ह्यात सोलापूर-हैदराबाद मार्गावरील नळदुर्ग, उमरगा या भागातील जुन्या गॅरेजवाल्यांनाही विचारून पाहावे. माळ्यावर टाकलेला व्हीलकप अशा ठिकाणी निघण्याचा संभव असतो.

हेरल्डच्या धन्यांना आणखी एक वाट आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली स्थापन झालेला ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब हेरल्ड, स्पिटफायर व त्यांच्या भावंडांच्या मालकांचा संघ असून, त्या देशात या मोटारींचे अनेक भाग आजही नव्याने बनतात. मात्र भारतीय हेरल्डच्या उत्तरकालीन आवृत्त्यांत बाह्यरूप बदलले होते. म्हणून छायाचित्रे व मापे ताडून पाहिल्यावाचून, आणि सीमाशुल्क व वाहतूक यांचा खर्च मिळवल्यावाचून, मागणी नोंदवू नये. फियाटच्या मालकांनीही इटलीतील ११००-डी या मॉडेलचे भाग याच दक्षतेने पाहावेत.

धातू कोणता, हे घरीच ओळखा

शोभेचे भाग मुख्यत्वे चार धातूंचे असत: लोखंडी पत्रा, पितळ, ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मिश्रधातू. चुंबक चिकटला तर लोखंड. न चिकटल्यास मागील, न दिसणाऱ्या बाजूस कानस किंचित फिरवा; पिवळा रंग दिसला तर पितळ. करडा दिसला तर वजनाची कसोटी लावा:

1. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर भाग तोला. समजा तो ३३५ ग्रॅम भरला.
2. पाण्याने अर्धे भरलेले भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा.
3. भाग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळास न टेकवता, अधांतरी धरा. काट्यावर ५० हा आकडा आला असे समजा.
4. पहिल्या आकड्यास दुसऱ्याने भागा. उत्तर ६.७ आले, म्हणजे भाग जस्ताच्या मिश्रधातूचा आहे. ॲल्युमिनियम असते तर उत्तर २.७ च्या आसपास, आणि पितळ असते तर साडेआठच्या जवळपास आले असते.

ही ओळख कशासाठी? जस्ताचा भाग क्रोम करणाऱ्याने पितळ समजून तीव्र आम्लात बुडवला, तर त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो, अक्षरे विरघळतात आणि परत न येणारा नमुना हातचा जातो. म्हणून काम देताना पावतीवरच धातूचे नाव लिहून घ्या.

कोणत्या भागास कोणती पद्धत

पत्र्याचे भाग. ग्रिलच्या साध्या पट्ट्या, व्हीलकप, दाराखालील पट्ट्या यांकरिता ओतकामाची गरज नसते. लाकडी किंवा लोखंडी साच्यावर पत्रा ठोकून आकार देणारा कारागीर पुरेसा होतो. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामाची परंपरा तांब्या-पितळेची असली, तरी गोलाकार वस्तूस समान जाडी राखून आकार देण्याचे कसब तेच आहे.

ओतीव भाग. मोनोग्राम, मुठींची आवरणे आणि बॉनेटवरील शोभेची आकृती ओतूनच घ्यावी लागते. ठळक व जाड भाग वाळूच्या साच्यात निघतो. बारीक अक्षरांसाठी मेणाचा साचा श्रेयस्कर. ही विद्या आपल्या परिसराला परकी नाही: उमरग्याच्या पूर्वेस, सीमेपलीकडील कल्याणीहून राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाची आकृती घडवून, तीवर माती लिंपून, मेण वितळवून काढून धातू ओतण्याची रीत वर्णिली असून, मेणाच्या वजनावरून धातूचे वजन ठरवण्याचे गणितही तेथे आहे. तोच हिशेब आपणही करू शकता. पितळ मेणाच्या सुमारे नऊपट जड असल्याने, मेणाची प्रतिकृती तोलली की लागणाऱ्या धातूचा अंदाज येतो आणि दर ठरवताना आपली फसगत होत नाही. लहान कामासाठी देवमूर्ती व पितळी वस्तू ओतणारा ओतारी गाठावा. अधिक नग हवे असल्यास कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांकडे चौकशी करावी.

रबरी भाग. काचेभोवतीचे रबर व दाराची बीडिंग ईपीडीएम रबराची घ्या. ऊन आणि हवा यांपुढे ते टिकते. मात्र तेल-पेट्रोलचा स्पर्श होणाऱ्या जागी ते फुगते; तेथे नायट्राइल रबर योग्य.

प्लास्टिकचे भाग. बटणे, मुठी, डॅशबोर्डाच्या चौकटी त्रिमिती मुद्रणाने निघू शकतात. परंतु मुद्रकाला पदार्थाचे नाव आवर्जून विचारा. सर्वाधिक प्रचलित असलेला पीएलए हा पदार्थ सुमारे साठ अंशांवर मऊ पडतो. आणि मे महिन्यात धाराशिवला सावलीतच पारा चाळिशी ओलांडत असताना, उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड तेवढा तापणे अगदी सहज शक्य आहे. म्हणून उष्णता व ऊन दोन्ही सोसणारा एएसए मागा. पीएलएचा उपयोग नमुना बसवून पाहण्यापुरता किंवा ओतकामाची आकृती म्हणून जरूर करावा. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वा तंत्रनिकेतनात अशी यंत्रसामग्री असल्यास, विभागप्रमुखांच्या नावे रीतसर अर्ज करून पाहावा.

आकुंचनाचा हिशेब विसरू नका

नकलेचे पुष्कळसे अपयश एकाच कारणाने ओढवते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. पितळ शेकडा सुमारे दीड, ॲल्युमिनियम त्याहून किंचित कमी. मूळ मोनोग्रामवरूनच सरळ वाळूचा ठसा घेऊन पितळ ओतले, तर २०० मिलिमीटर लांबीचा मोनोग्राम सुमारे ३ मिलिमीटर आखूड निघतो, आणि टोकाच्या खुंट्या छिद्रांत उतरत नाहीत. त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली, तर तूट दुप्पट होते. बाजारात मिळणारे कित्येक 'नवे' मोनोग्राम बेढब दिसतात त्याचे हेच कारण. तेव्हा:

- आकृती नेहमी मूळ भागावरूनच घ्यावी, नकलेवरून कदापि नाही;
- आकृती आकुंचनाच्या प्रमाणात मोठी करवून घ्यावी; संगणकावरील आराखड्यात हे क्षणात होते;
- घासकाम आणि बफिंग यांसाठी अक्षरांच्या कडांवर थोडी अधिक जाडी राखावी;
- पहिला नग क्रोम करण्यापूर्वी मोटारीवर बसवून पाहावा, आणि मगच पुढील नगांस मंजुरी द्यावी.

क्रोमचे काम

चकाकी क्रोमची दिसते, परंतु टिकाऊपणा त्याखालील निकेलचा असतो. शोभेच्या कामात क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तांबे, त्यावर निकेल, त्यावर क्रोम असे तिन्ही थर द्यावेत, आणि तांब्याच्या थरानंतर खड्डे भरून पुन्हा बफ करावे, असे कारागिरास लेखी सांगा. बफिंगचे चाक अक्षरांवर जास्त वेळ फिरले तर कडा गोल होतात आणि मोनोग्रामचे पाणीच जाते. म्हणून बफिंगनंतर, निकेल चढण्यापूर्वी, नग एकदा डोळ्यांखालून घालण्याचा आग्रह धरा. शक्य तोवर एका मोटारीचे सर्व भाग एकाच कारागिराकडे एकाच खेपेस द्यावेत, कारण निरनिराळ्या ठिकाणच्या क्रोमची छटा एकमेकीशी जुळत नाही. क्रोमची रसायने अत्यंत विषारी असल्याने घरगुती प्रयोग करू नयेत, आणि काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या कारखान्यातच द्यावे. आपल्या बंपरचे सांडपाणी कोणाच्या विहिरीत उतरू नये, ही जबाबदारी काम देणाऱ्याचीही आहे.

भाग बसवताना ॲल्युमिनियमच्या बीडिंगखाली लोखंडी क्लिप थेट लावू नका. दोन धातू ओलसर हवेत एकमेकांस खातात. नायलॉनची क्लिप, किंवा मधे रबराचा अथवा मेणाचा पडदा असावा.

करारनामा साधा, परंतु लेखी

इसार देण्यापूर्वी एका पानावर पुढील कलमे लिहून दोघांनी सह्या कराव्यात:

- सोपवलेल्या मूळ भागांची यादी, प्रत्येकाचे छायाचित्र आणि वजन;
- धातू किंवा पदार्थ, थरांचा क्रम, नगांची संख्या व मुदत;
- साच्याचा खर्च निराळा आणि प्रतिनग दर निराळा;
- साचा, आकृती व संगणकावरील आराखडा कोणाच्या मालकीचा, आणि त्यावरून इतरांस नग विकता येतील की नाही;
- मूळ भाग हरवल्यास किंवा बिघडल्यास भरपाई किती;
- इसाराची रक्कम, उरलेली रक्कम केव्हा, आणि माप न जुळल्यास काय.

साच्याचा खर्च एकदाच होतो. म्हणून एकाच मॉडेलचे चार-पाच मालक एकत्र आले, तर प्रत्येकाच्या वाट्याचा बोजा पुष्कळच हलका होतो. दुसऱ्याकडून नमुना उसना आणला असल्यास त्यासही पावती लिहून द्या.

परिवहन कार्यालय आणि नोंदणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. मूळच्यासारखाच मोनोग्राम वा बीडिंग बसवणे हा असा फेरबदल नव्हे. मात्र पुढील बाबी शोभेच्या सदरात मोडत नाहीत, त्यांची घरगुती नक्कल करू नये: दिव्यांच्या काचा व परावर्तक, पुढील काच, आरसे, स्टीअरिंग, दारांची कुलपे. मोटारीचा रंग बदलल्यास तो प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा. जुन्या धाटणीची नंबरप्लेट कितीही शोभून दिसली, तरी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी बंधनकारक केलेली आहे.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या, आणि चॅसिस, बॉडी शेल व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांस केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून व्हीए मालिकेतील नोंदणी घेता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० रुपये, आणि मुदत दहा वर्षे. ही नोंदणी घेतल्यावर मोटार नित्याच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. रोज बाजारात जाण्यास मोटार वापरणाऱ्यांनी हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

आपल्या जिल्ह्यातील जुन्या कागदपत्रांत जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असणार, आणि १९५६ पूर्वीचे दस्तऐवज असल्यास ते हैदराबाद संस्थान वा राज्याच्या दप्तरातील असणार. यामुळे कागद अवैध ठरत नाही. मात्र मूळ आर.सी. बुक, जुन्या कराच्या पावत्या व हस्तांतराची कागदपत्रे यांच्या प्रती जोडून, एमएच-२५ च्या कार्यालयात अर्ज करून, संगणकीय नोंद झाली आहे किंवा नाही याची खात्री करून घ्यावी.

बोधचिन्हे आणि आपले हक्क

डिझाइन अधिनियम, २००० अन्वये वस्तूच्या आकाराचे नोंदणीकृत संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षे टिकते. तेव्हा साठ-सत्तर सालच्या बीडिंगचा किंवा व्हीलकपचा आकार पुन्हा घडवण्यास त्याची आडकाठी येत नाही. व्यापारचिन्हाची गोष्ट वेगळी आहे. व्यापारचिन्हाची नोंदणी दर दहा वर्षांनी नूतन करीत कितीही काळ चालू ठेवता येते. म्हणून कंपनीचे नाव किंवा चिन्ह असलेला मोनोग्राम स्वतःच्या मोटारीवरील हरवलेल्या भागाच्या जागी घडवून घेणे, आणि तोच मोनोग्राम शेकड्याने पाडून बाजारात विकणे, या दोन भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या गोष्टीसाठी चिन्हाच्या धन्याची परवानगी घ्यावी, आणि नक्कल मूळ म्हणून विकणे तर सर्वथा त्याज्य.

काम बिघडले, मुदत टळली किंवा मूळ भाग गहाळ झाला, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आपल्या बाजूस आहे:

- प्रथम लेखी नोटीस पाठवा आणि पोचपावती जपा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.
- कारागीर पुण्या-मुंबईचा असला, तरी आपण राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे धाराशिवच्या, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते.
- तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.
- दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी लागत नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही.
- नग पुनर्विक्रीसाठी करून घेतले असल्यास आपण या कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही.

या सर्वांसाठी पक्के बिल अत्यावश्यक आहे. तोंडी व्यवहारात दोन पैसे वाचतात, परंतु दाद मागण्याचा आधार जातो.

नक्कल नक्कल म्हणून ओळखू येऊ द्या

घडवलेल्या प्रत्येक भागाच्या मागील बाजूस, बसवल्यावर न दिसेल अशा जागी, निर्मितीचे वर्ष आणि 'प्रतिकृती' हा शब्द ठोकून घ्या. मोटारीच्या कागदांबरोबर एक नोंदवही ठेवा. कोणता भाग मूळ, कोणता दुरुस्त, कोणता नवा, कोणत्या धातूचा आणि कोणाच्या हातचा, हे तीत लिहा, आणि मोटार विकताना ती वही नव्या धन्याच्या स्वाधीन करा. मोडका मूळ तुकडाही टाकून देऊ नका. कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून तो ठेवून द्या, कारण पुढे एखाद्याला हाच भाग पुन्हा घडवावा लागला, तर त्याची खरी मापे आपल्या सुंदर नकलेत नव्हे, त्या तुकड्यातच मिळतील.